भिंग घेऊन वाचायची पुस्तकं

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर माझ्या नावाआधी 'ज्येष्ठ कलावंत' असं छापलंय, तेवढं खोडून टाका. मी कमर्शियल आर्टवाला. लग्नपत्रिका, औषधांची खोकी, कॅलेंडरं आणि दिवाळी अंकांतल्या जाहिराती यांत माझी चाळीस वर्षं गेली. त्यामुळे चित्रांचं पुस्तक हातात आलं की मी आधी कागद चिमटीत धरून बघतो, मग पुठ्ठ्याचा कणा, मग छपाई. मजकुराची पाळी त्यानंतर.

ग्रंथपालबाई म्हणाल्या होत्या, जगातल्या चांगल्या कलापुस्तकांची यादी द्या. नुसती यादी काय, तुमच्या मोबाइलवरही मिळेल. शिवाय अशा याद्यांत सगळ्यात वर असतात ती पाच-पाच किलोंची पुस्तकं, जी दिवाणखान्यात टीपॉयवर ठेवतात आणि वर चहाचा कप ठेवतात. मी पिशवीत मावतील तेवढीच आणलीयत. हीच का आणली, तर कलेबद्दल जे म्हणायचंय ते ती पानावर करून दाखवतात. एक अपवाद आहे, त्याच्याबद्दल शेवटाकडे बोलू.

हे पहिलं, जॉन बर्जर यांचं 'वेज ऑफ सीइंग'. 1972 साली बीबीसीवर चार भागांची मालिका झाली आणि तिच्यावरून हे पुस्तक निघालं. मुखपृष्ठ बघा. पुस्तक मुखपृष्ठावरच सुरू झालंय, लेखकाचं म्हणणं थेट तिथूनच. आत सगळा मजकूर ठळक टाइपात आहे. माझ्या एका विद्यार्थ्याला वाटलं, छापणाऱ्याची चूक झाली. चूक कसली! रिचर्ड हॉलिस या डिझायनरनं ते मुद्दाम केलंय, म्हणजे अक्षरं आणि चित्रं एकाच वजनाची दिसावीत, चित्र मजकुराला लावलेलं ठिगळ वाटू नये. सात निबंधांपैकी तीन निबंधांत तर शब्दच नाहीत, नुसती चित्रं. वाचकानं काय जुळवायचं ते जुळवावं.

यातलं एक पान मी तुम्हाला करूनच दाखवतो. व्हॅन गॉगचं गव्हाचं शेत आणि त्यावरून उडणारे कावळे. खाली साधी ओळ: हे शेत आहे, पक्षी उडतायत, क्षणभर बघा आणि पान उलटा. पान उलटलं की तेच चित्र परत, आणि खाली लिहिलंय की आत्महत्येपूर्वी व्हॅन गॉगनं काढलेलं हे शेवटचं चित्र. आता बघा बरं. आकाश काळवंडलं की नाही? मधली वाट कुठेच जात नाही असं वाटायला लागलं की नाही? चित्रात एक रेघसुद्धा बदललेली नाही. बदलली ती खालची ओळ.

खरी गंमत याच्या पुढे आहे. ती ओळच बरोबर नाही. 'झाडांची मुळं' हे त्याचं शेवटचं चित्र, असं आता ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियमचे अभ्यासक मानतात. 1890च्या जुलैत ते अर्धवट राहिलं. फ्रान्समधल्या ओव्हेर गावातली ती मुळांची जागासुद्धा 2020 साली एका जुन्या पोस्टकार्डावरून ओळखली गेली. म्हणजे जिनं आपलं आकाश काळवंडलं ती ओळ चुकीची निघाली, तरी आकाश काळवंडलंच. बर्जरचा मुद्दा त्याच्याच चुकीनं जास्त पक्का केलाय. फॉरवर्ड होऊन येणाऱ्या फोटोंखालच्या ओळी वाचताना मला हे पान हमखास आठवतं.

कलेचा सलग इतिहास हवा असेल तर गोम्ब्रिच यांचं 'द स्टोरी ऑफ आर्ट' आहेच. 1950चं पुस्तक, भाषा सोपी. ज्या चित्राबद्दल लिहायचं ते शक्यतो छापून दाखवायचंच, हा त्यांनी स्वतःला घालून घेतलेला नियम मला फार आवडतो. पण पहिल्या आवृत्तीत एकही स्त्री चित्रकार नव्हती. केटी हेसेल यांनी 2022 साली 'द स्टोरी ऑफ आर्ट विदाउट मेन' लिहून ती उधारी चुकती केली. दोन्ही शेजारी ठेवा. याहून जास्त वेळ मी त्यांना देत नाही, कारण आता फोटोंकडे यायचंय.

त्याआधी हे भिंग फिरवा. छपाईवाले प्लेट तपासायला वापरतात तेच हे. पत्रिकेवरचा माझा फोटो त्याखाली धरा. दिसले ना ठिपके? निळे, गुलाबी, पिवळे, काळे. माझा गाल म्हणजे एवढंच. हे चार रंग एकमेकांवर नीट बसले तर चेहरा, आणि रजिस्टर, म्हणजे रंगांची ही जुळणी, हललं तर... माझ्या उमेदीतलं एक लक्ष्मीचं कॅलेंडर होतं, छापखान्याचं नाव नाही सांगत. अर्धा लॉट छापून झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की देवीला दोन नाकं आहेत. गिऱ्हाईक भाविक होतं. पुढचं सांगायला नको.

तर फोटोग्राफर रॉबर्ट फ्रँक. जन्म झुरिचचा, राहायला अमेरिकेत. 1955 साली त्याला गुगनहाइम फेलोशिप मिळाली आणि जुन्या गाडीतून त्यानं ती अख्खी अमेरिका पालथी घातली. 27,000 च्या वर फोटो काढले. पुस्तकात घेतले किती? 83. माझ्यासारख्या माणसाला हा आकडा घाम फोडतो. आपल्याकडे साखरपुड्याच्या अल्बममध्ये याच्या चौपट असतात.

पुस्तक आधी पॅरिसला निघालं, 1958 साली, रॉबेर देल्पीरनं काढलं. त्या आवृत्तीत डाव्या पानांवर अमेरिकेबद्दल वेगवेगळ्या लेखकांचे उतारे होते. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कची आवृत्ती आली, 'द अमेरिकन्स', जॅक केरुअ‍ॅक या अमेरिकन कादंबरीकाराच्या प्रस्तावनेसह. तिच्यात ते उतारे काढून टाकले. उजवीकडे फोटो, डावीकडे जवळजवळ कोरं पान. तेच फोटो, पण फ्रेंच आवृत्तीत ते उताऱ्यांचे साक्षीदार वाटतात आणि अमेरिकन आवृत्तीत एकमेकांशी बोलायला लागतात.

कसे बोलतात ते बघा. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा एक फोटो आहे: दोन माडांच्या मधे गाडी उभी, तिच्यावर चकचकीत कापड घातलेलं. गाडीची बडदास्त चाललीय. पान उलटा. ॲरिझोनातला रस्ता, हायवे 66, हवेत बर्फ. चार माणसं अंग चोरून उभी आहेत आणि त्यांच्यापुढे जमिनीवर पांघरुणाखाली अपघातात गेलेला कुणीतरी. झाकलेली गाडी आणि झाकलेला माणूस. दोन्ही फोटो वेगवेगळे भिंतीवर लावले असते तर हे कुणाला दिसलं असतं? मधे पान उलटायला लागतं म्हणून ते दिसतं.

मुखपृष्ठावर आहे न्यू ऑर्लिन्सची ट्रॉली. खिडक्यांच्या चौकटींत पुढे गोरे बसलेत, मागे काळे. हा फोटो 1955च्या नोव्हेंबरातला. पुढच्याच महिन्यात मंटगमरीला रोझा पार्क्स या काळ्या बाईनं गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला.

आपल्याकडे हे पान उलटण्याचं मर्म फोटोग्राफर दयानिता सिंग यांनी नेमकं पकडलंय. त्यांचं 'सेंट अ लेटर' 2008 सालचं आहे. खिशात मावतील अशा सात घडीच्या पुस्तिका, कापडी पेटीत. उलगडल्या की टेबलावर उभ्या राहतात आणि तेवढंच त्यांचं प्रदर्शन होतं. कोलकात्यात पार्क स्ट्रीटवर एका सराफाच्या दुकानाच्या काचेत त्या मांडल्या होत्या. गॅलरीत पाय न ठेवणारा माणूसही सराफाच्या काचेपाशी थांबतोच, हे ओळखायला व्यवहारज्ञान लागतं. महाग आहे हो ते, वाचनालयालाच मागू.

आता दोन पुस्तकं जी फोटो दाखवतच नाहीत, निदान मुख्य तो नाही. सुसान सोंटॅग यांचं 'ऑन फोटोग्राफी', 1977. फोटोग्राफीवरचं एवढं गाजलेलं पुस्तक आणि आत एकही फोटो नाही. मला ते थोडं कोरडं वाटतं, हे कबूल करून टाकतो. रोलां बार्थ यांचं मात्र तसं नाही. 'कॅमेरा लुसिडा' या नावानं ते इंग्रजीत आलं, मूळ फ्रेंच 1980चं. आई गेल्यावर बार्थ तिचे जुने फोटो चाळत बसलेत. सगळ्यांत ती आहे आणि कशातच ती नाही. शेवटी एक फोटो सापडतो, 1898चा, आई पाच वर्षांची, भावाबरोबर काचेच्या बागघरात उभी. त्यात ती सापडते. पुस्तकाचा सगळा दुसरा भाग त्या एका फोटोभोवती फिरतो आणि तो फोटो मात्र छापलेला नाही. बार्थ म्हणतात, तो माझ्यापुरताच आहे, तुम्हाला तो इतर हजार फोटोंसारखाच वाटेल. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चिडून पानं मागेपुढे करत तो शोधत होतो. माझी आई गेल्यावर तिचा रेशनकार्डावरचा फोटो मोठा करून घ्यायला मी स्टुडिओत गेलो. तिथला मुलगा म्हणाला, 'काका, क्लॅरिटी नाहीये.' बार्थनं फोटो का छापला नाही ते मला त्या काउंटरवर कळलं.

रंगांसाठी योसेफ आल्बर्स, 'इंटरॅक्शन ऑफ कलर', 1963. बाउहाउस या जर्मनीतल्या कला-डिझाइनच्या शाळेत शिकवलेला माणूस, पुढे अमेरिकेत येल विद्यापीठात. त्याचा वर्ग रंगपेटीवर चालत नसे, रंगीत कागदाच्या तुकड्यांवर चाले. एकच राखाडी तुकडा लालवर ठेवा आणि निळ्यावर ठेवा, दोन वेगळे राखाडी दिसतात. मी हे पोरांना शिकवायला लागलो तेव्हा एक मुलगी म्हणाली, 'सर, आमच्या मॅचिंग सेंटरवाल्याला माहितीय हे.' खरंच आहे! तो ब्लाउजपीसचं ठाण तुम्हाला लांबून दाखवत नाही. साडीच्या काठाला टेकवतो, मग अंगावर टेकवतो, मग दुकानाबाहेर उन्हात नेतो. आल्बर्सचा अर्धा अभ्यासक्रम त्या तीन हालचालींत आहे.

मूळ आवृत्तीतले रंग ऑफसेटनं न छापता सिल्कस्क्रीननं, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापले, कारण ठिपक्यांनी केलेला रंग इथे चालणारच नाही. सपाट, सलग रंग हवा. म्हणून ती अवजड आणि महाग झाली. 1971 साली छोटी स्वस्त आवृत्ती निघाली, मोजकी चित्रं घेऊन, ती विद्यार्थ्यांनी उचलली. आमच्या होस्टेलमध्ये त्या छोट्या आवृत्तीची एक प्रत फिरायची. झेरॉक्स. काळीपांढरी. रंगांवरचं पुस्तक, आणि आम्ही तेवढ्यावर परीक्षा दिली!

ब्रूनो मुनारी यांचं 'गुड डिझाइन' इथल्या लोकांना सांगायलाच हवं. 1963ची चिमुकली पुस्तिका आहे. मिलानचा हा डिझायनर संत्र्याचं परीक्षण करतो, जणू ते कारखान्यातून आलंय: एकसारख्या आकाराचे डबे आसाभोवती गोल रचलेले, बाहेरचं वेष्टन, आतून मऊ अस्तर, आणि गिऱ्हाइकाला स्वतः उत्पादन सुरू करायचं असेल तर बी मोफत. वरुड-मोर्शीकडचं कुणी बसलंय का? हात वर करा. बघा, तुमच्या मालाची इतकी चांगली जाहिरात मी चाळीस वर्षांत केली नाही.

मराठीत काय आहे, हा प्रश्न येणारच. प्रभाकर बरवे यांचं 'कोरा कॅनव्हास', 1990. हाच तो अपवाद. यात छपाईची करामत नाही, पण चित्रकार रिकाम्या कॅनव्हाससमोर उभा असतो तेव्हा डोक्यात काय चालतं, हे मराठीत इतक्या स्वच्छपणे लिहिलेलं मी दुसरं वाचलेलं नाही. घड्याळ, पान, सेफ्टी पिन अशा साध्या वस्तू त्यांच्या चित्रांत येतात, आणि गद्यही तसंच आहे, वस्तू एकेक करून मांडल्यासारखं.

आणि बापूराव नाईक यांचे 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी'चे तीन खंड, 1971, राज्याच्या भाषा संचालनालयानं काढलेले. भाषा इंग्रजी, विषय आपल्या अक्षरांचा. खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवणाऱ्या जुळाऱ्याला देवनागरीत खिळ्यांच्या पेटीतली किती घरं सांभाळावी लागत, जोडाक्षरं कशी मोडायची, मात्रा वर वेगळी बसवायची की अक्षरासकट अखंड ओतायची, हे सगळं त्यात आहे. तुमच्या फोनवर 'ल' बघा. बहुतेकांच्या फोनवर तो उभ्या दांड्याचा, हिंदी वळणाचा असेल. आपण शाळेत गिरवला तो पाकळीचा. 'श'चंही तेच. तक्रार अनेक जण करतात, खंड उघडून बघणारे कमी. तुमच्या वाचनालयात ते आहेत का, म्हणून मी बाईंना विचारलं. संदर्भ विभागात वरच्या फळीवर आहेत म्हणाल्या. शिडी आहे ना?

पुस्तकं टेबलावर ठेवतोय. चिवडा खाऊन झाला असेल त्यांनी आधी हात धुवा. फ्रँकचं पुस्तक मधूनच उघडू नका, पहिल्या पानापासून उलटत जा. आणि भिंग कुणाकडे आहे आत्ता? मागच्या रांगेत? ते मला परत हवंय.