उंदराचं शेपूट आणि वेदनेचा निरोप

नमस्कार मंडळी. आज पेनकिलरवर बोलायचंय, पण डोकं दुखलं की आपण टाकतो त्या गोळीवर नाही. ऑपरेशनच्या वेळी, कॅन्सरच्या दुखण्यात देतात ती जोरदार औषधं, पेथिडीन, फेंटानिल वगैरे. मॉर्फिन अफूच्या बोंडातून येतं, ही मात्र अख्खी लॅबमध्ये बनवलेली, म्हणून सिंथेटिक. आणि यातलं पहिलं सापडलं कशामुळे माहितीये? उंदराच्या शेपटामुळे!

झालं असं, 1930 च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत ऑटो आयस्लेब नावाचा केमिस्ट होता, त्याला हवं होतं पोटात पेटके येतात त्यावरचं औषध, अ‍ॅट्रोपिनसारखं काहीतरी. वेदनेचा विषयच नव्हता त्याच्या डोक्यात. एकेक रसायन बनवायचं आणि टेस्टिंगला ऑटो शाउमानकडे पाठवायचं, हो, दोघंही ऑटोच. तर शाउमानने एक नमुना उंदरांना टोचला आणि बघतो तर काय, उंदरांची शेपटं ताठ! नुसती ताठ नाही, पाठीवर वळून इंग्रजी एस अक्षरासारखी. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, असेल काहीतरी, पुढचा पिंजरा आणा. पण शाउमानला आठवलं की शेपूट असं उभं राहतं ते मॉर्फिन दिल्यावर, वॉल्टर श्ट्राउबने 1911 मध्येच ते लिहून ठेवलं होतं. आता हे रसायन वरवर बघितलं तर मॉर्फिनसारखं दिसतसुद्धा नाही, मग शेपूट का उभं राहिलं? वेदनेच्या टेस्ट केल्या आणि निघालं पेनकिलर. तेच पेथिडीन, 1939 साली दोघांनी जाहीर केलं. (माझं तर मत आहे की शाळेत मार्क पाठांतराला न देता अशा बघण्याला द्यावेत, पण आपलं कोण ऐकतंय.)

पुढे बेल्जियमच्या पॉल यान्सेनने पेथिडीनच्याच सांगाड्यात फेरफार करत करत 1960 मध्ये फेंटानिल बनवलं. मॉर्फिनच्या साधारण 100 पट जोरदार, म्हणून डोस मायक्रोग्रॅममध्ये.

आता हे काम कसं करतं, पटकन सांगतो. आपल्या नसांवर म्यू नावाचे रिसेप्टर असतात, कुलपासारखे, आणि शरीर स्वतःच एंडॉर्फिन नावाची किल्ली बनवतं. हे औषध म्हणजे त्याच कुलपाची डुप्लिकेट किल्ली. ती लागली की नसेच्या टोकाला कॅल्शियम आत शिरत नाही, मग पुढच्या पेशीला निरोप सुटतच नाही, आणि पुढची पेशीही सुस्तावते. म्हणजे जखम तिथेच आहे बरं का, वेदनेचा निरोप अडलाय. परत सांगतो, जखम तिथेच, निरोप अडलाय. फेंटानिल चरबीत सहज विरघळतं, त्यामुळे शिरेतून दिलं की मिनिटा-दोन मिनिटांत मेंदूत.

घोळ असा की हीच कुलपं मेंदूच्या बुंध्यातही आहेत, श्वास चालवतो तिथे. डोस जास्त झाला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो तरी माणसाला श्वास घ्यावासा वाटत नाही, जीव जातो तो असा. उतारा नॅलोक्सोन, ते फेंटानिलला कुलपातून ढकलून स्वतः बसतं, पण त्याचा असर तास-दीड तासात ओसरू शकतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो, म्हणून माणूस उठून बसला तरी हॉस्पिटल गाठायचंच. गाठायचंच! आणि फेंटानिलचा पॅच लावलेला असेल तर त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, उष्णतेने औषध भराभर आत जातं. हे सगळं पॅचसोबतच्या कागदावर असतं, पण तो छापतात मुंगीच्या अक्षरात आणि आपण घडीसुद्धा उघडत नाही.

आणि हो, ही कुलपं आतड्यातही असतात, म्हणून या औषधांनी बद्धकोष्ठता होते. बाकीच्या त्रासांची शरीराला सवय होते, हिची फारशी होत नाही, म्हणून डॉक्टर बरेचदा सोबत पोट साफ व्हायचं औषध लिहून देतात. बिचारा आयस्लेब निघाला होता पोटाचंच औषध शोधायला!