पानावर आडवा हात

(दृश्य: केळीचं पान, त्यावर आडवा धरलेला हात.)

गणेशचतुर्थीला, आमच्या चवथीच्या जेवणाला, 'नको' म्हणून भागत नाही. पानावर हात आडवा धरावा लागतो, आणि तरीही बोटांच्या कडेने काकी एक नेवरी, म्हणजे करंजी, सरकवतेच. त्यात माया असते. पण 'नको' हे नुसतं म्हणायचं असतं, ही समजूत आपली लहानपणी तिथेच होते.

(दृश्य: गोव्यातलं डिचोली. कदंब बसमधून उतरणारी मुलं-मुली.)

हे उदाहरण माझं नाही. इथल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात समुपदेशक टीचर लैंगिक संबंधातल्या संमतीवरच्या तासाची सुरुवात यानेच करतात. टेबलावर बिस्किटांचा जुना डबा, त्यात बिननावाच्या चिठ्ठ्या. एक उघडतात: 'ती काहीच बोलली नाही. मग मी काय समजायचं?'

वर्ग एकदम गप्प.

'मूकसंमती सभेतल्या ठरावाला चालते रे,' टीचर म्हणतात. 'इथे नाही.'

कायदाही तेच सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ प्रमाणे संमती म्हणजे स्वेच्छेने दिलेला निःसंदिग्ध होकार, मग तो शब्दांतून असो वा खुणेतून. बाईने झटापट केली नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असं धरता येत नाही. नशेत स्वतःचं भान नसलेल्या बाईचा 'हो' हा 'हो' नव्हे. आणि वय अठराच्या आत असेल, तर कायद्याच्या लेखी संमतीच नाही.

इथेच शाळा अडतात. मुलं अठराची नाहीत, मग हा विषय कशाला, असं पालक विचारतात. त्यांची काळजी मी समजू शकते. पण विचारायची, ऐकायची, थांबायची सवय अठराव्या वाढदिवशी आपोआप कशी लागणार? दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहे. आकृती काढा, नावं द्या, गुण घ्या. समोरच्याला विचारायचं कसं, हे त्या आकृतीत कुठेच नसतं.

टीचर आणखी एक गोष्ट फळ्यावर लिहितात: ७२ तास. जबरदस्ती झाली असेल, तर एचआयव्ही टाळण्याची औषधं तेवढ्या वेळात सुरू व्हावी लागतात. गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळी जितकी लवकर तितकी बरी. त्यासाठी बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयातच धावायला हवं असं नाही. सरकारी असो वा खासगी, कुठल्याही रुग्णालयाने पीडितेवर लगेच आणि मोफत उपचार करायचे असतात. लाजेपायी हे तास वाया जातात, आणि ते ऐकताना माझा जीव तुटतो.

(दृश्य: डब्यातली शेवटची चिठ्ठी.)

'आधी हो म्हटलं, आणि मध्येच नको वाटलं तर?'

टीचर ती दोनदा वाचतात.

'तर थांबायचं. तिथल्या तिथे.'

मागच्या बाकावरचा एक मुलगा वही उघडतो आणि तेवढं लिहून घेतो.