रामबागेतल्या स्मरणिका युनिकोडमध्ये येताना

इंदूरच्या रामबागेतलं हे डीटीपीचं छोटं दुकान. स्क्रीनवर एका गणेशोत्सव मंडळाच्या जुन्या स्मरणिकेची फाइल उघडली आहे. मजकूर मराठी, पण नोटपॅडमध्ये दिसतात ती रोमन अक्षरं. ‘किती’च्या जागी एफ, डी, आर, एच.

मध्य प्रदेशात वर्षानुवर्षं टायपिंग होत आलं ते कृतिदेवमध्ये, आणि इथल्या मराठी मंडळांनीही तोच फाँट वापरला. त्यात साठवला जातो रोमन अक्षराचा क्रमांक. देवनागरीचं फक्त चित्र त्यावर चढवलेलं असतं. फाँट नसला की मराठी दिसतच नाही. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी एकच क्रमांक-पद्धत; तिच्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. म्हणून या फाइली आताच बदलायला हव्यात, त्या वाचू शकणारे कॉम्प्युटर दुकानात आहेत तोवर.

पण अक्षरामागे अक्षर बदलून भागत नाही. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराआधी टाइप होते; युनिकोड ती अक्षरानंतर साठवतो. ‘स्थिती’मध्ये तर तिला ‘स्’ आणि ‘थ’ दोन्ही ओलांडून जावं लागतं. रफाराचं उलट: कृतिदेवमध्ये तो अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. कन्व्हर्टर, म्हणजे कृतिदेवचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं सॉफ्टवेअर, निवडताना ‘स्थिती’ आणि ‘धर्म’ हे दोन शब्द घालून बघा. तिथंच त्याची पारख होते.

मराठीसाठी आणखी एक चाचणी हवीच. हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या कन्व्हर्टरमध्ये ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होऊ शकतं. सह्याद्रीच्या वर्णनात समुद्र शिरतो आणि स्पेलचेक काहीच बोलत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. हे मराठी वाचणाऱ्या माणसानंच तपासायचं. दुरुस्ती सोपी आहे: लिबरऑफिस राइटरमध्ये इंग्रजी अंकांत ०९३१ टाइप करा आणि ऑल्ट-एक्स दाबा, ‘ऱ’ उमटतो. पुढे हलन्त आणि ‘या’. तीच चूक मजकुरात पुन्हा असेल, तर कंट्रोल-एचनं शोधा आणि बदला. सगळं एका झटक्यात मात्र बदलू नका. एखादा दर्या खराच असेल.

आता साठवण. नोटपॅड प्लस प्लसमध्ये एन्कोडिंग मेनूत जाऊन फाइल आधी यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या पद्धतीत, कन्व्हर्ट करा, मग बदललेला मजकूर कॉपी करून कंट्रोल-ए, कंट्रोल-व्हीनं आत घ्या. फाइल एएनएसआय या जुन्या, देवनागरी न साठवणाऱ्या पद्धतीतच राहिली, तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं साठवली जातात, आणि त्या प्रश्नचिन्हांतून मूळ अक्षर परत मिळत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं, त्यामुळे फाइल फुगते. फुगू द्या.

सेव्ह करताना कंट्रोल-एस नको. कंट्रोल-ऑल्ट-एस दाबा, वेगळं नाव द्या. कृतिदेवची मूळ फाइल जशीच्या तशी राहू दे. कन्व्हर्टरनं कुठं काय गिळलं, ते पुढे तिच्याशी ताडूनच कळणार आहे.