हर्शीच्या बर्फावर एक रविवार

(दृश्य: गावातला मुख्य रस्ता, दुपार. थंडीने ओस पडलेले फुटपाथ.)

रस्त्यावरचे हे दिवे बघा. 'किसेस' चॉकलेटच्या आकाराचे. काही चांदीच्या कागदात गुंडाळलेले, काही उघडे. गाव हर्शी, राज्य पेनसिल्व्हेनिया. तारीख ५ जानेवारी २०२५, रविवार. आम्ही चौघं न्यू जर्सीहून गाडीने आलोय. डिकीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आहे, आणि कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत कोंबलेली नवीकोरी टेडी बेअर्स.

ती कशासाठी, ते थोड्या वेळाने.

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मैदान येतं, ध्यानचंद येतात. इथे बर्फ आहे. तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची रबरी चकती, तिचं नाव पक. ती उसळू नये म्हणून खेळाआधी गोठवून ठेवतात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. खेळाडू पाऊण-एक मिनिट जीव तोडून पळतो आणि कठड्यावरून आत येतो. त्याच क्षणी दुसरा बर्फावर उडी घेतो, जणू खो मिळालाय. खेळ थांबत नाही.

संघ आहे हर्शी बेअर्स. १९३२ साली चॉकलेटच्या गावात निघालेला, म्हणून आधी नावही चॉकलेटच्या 'बार'वरून होतं. बेअर्स झाले १९३६ मध्ये. १९३८ पासून हा संघ अमेरिकन हॉकी लीगमध्ये आहे. ही लीग मोठ्या एनएचएलच्या, म्हणजे नॅशनल हॉकी लीगच्या, एक पायरी खाली. पण एनएचएलमधल्या दहा खेळाडूंतले जवळपास नऊ याच पायरीवरून वर गेलेत. २००५ पासून हर्शीची पोरं एनएचएलमधल्या वॉशिंग्टन कॅपिटल्स या संघासाठी तयार होतात. २०१८ मध्ये वॉशिंग्टनने स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला तेव्हा गोलरक्षक होता ब्रेडन होल्टबी, बचावफळीत होता जॉन कार्लसन. दोघंही आधी हर्शीकडून खेळलेले.

मला या लीगची ओढ वाटते ती याचसाठी. समोर पळणाऱ्या पोराला आज रात्री फोन येईल आणि उद्या तो वॉशिंग्टनच्या बर्फावर असेल. किंवा फोन कधीच येणार नाही. तरी तो कठड्यावर खांदा असा आपटतो, की चौथ्या रांगेतल्या आमच्या खुर्च्यांपर्यंत काच थरथरल्याचं ऐकू येतं. आणि गाव त्याला पाहुणा मानत नाही. संघाने १३ वेळा कॅल्डर कप, म्हणजे या लीगचं विजेतेपद, जिंकलाय, २०२३ आणि २०२४ असा लागोपाठही. जाणारे जातात, गाव पुढच्या पोराचं नाव पाठ करतं.

(दृश्य: जायंट सेंटर, बेअर्सचं स्टेडियम, खच्चून भरलेलं. प्रेक्षकांच्या मांडीवर पिशव्या.)

आज सगळे एकाच गोष्टीची वाट बघतायत. हर्शीचा पहिला गोल.

"अगं, पिशवीची गाठ आधी सोडून ठेव!" मैत्रीण मला ओरडून सांगते. माझी बोटं गारठलेली, गाठ सुटता सुटत नाही. शेवटी दातांनी प्लॅस्टिक फाडते.

पक जाळ्यात.

(इथे निवेदन थांबेल. फक्त आवाज.)

आकाशातून अस्वलं पडतायत. ससे, हत्ती, माणसाएवढे पांडा. वरच्या मजल्यावरून फेकलेली खेळणी बर्फापर्यंत पोचत नाहीत. ती आमच्या डोक्यांवर, खांद्यांवर येतात. आम्ही उचलतो, पुढे भिरकावतो. पुढचे आणखी पुढे. विहिरीवरून हातोहात घागरी पुढे सरकाव्यात, तसं. माझ्या हाती एक तपकिरी अस्वल येतं. त्याच्या गळ्यात दोऱ्याने चिठ्ठी बांधलीय, लहान मुलाच्या वेड्यावाकड्या अक्षरांत एवढंच: 'तुझ्यासाठी'. ते मी फेकत नाही. खाली काचेपाशी जाते आणि तिथल्या काकांच्या हातात देते. ते काचेवरून अलगद आत सोडतात.

ही सगळी खेळणी परिसरातल्या संस्थांमार्फत मुलांकडे जातात. त्या संध्याकाळी मोजदाद झाली १,०२,३४३. जायंट सेंटरमध्ये माणसं मावतात साडेदहा हजारांच्या आसपास. म्हणजे माणशी जवळपास दहा!

(दृश्य: ढिगाऱ्यात खेळाडू, स्वयंसेवक, लहान मुलं.)

बर्फ मोकळा व्हायला बराच वेळ लागतो. कुणाला घाई नाही. आम्ही दशम्या काढतो, शेजारच्या आजींना एक देतो. चटणी तिखट लागते, त्या पाणी मागतात आणि आणखी एक दशमी घेतात.

बर्फावर सगळीकडे कापसाचे बारीक तंतू उरलेत. एक खेळाडू वाकून हातमोज्याने त्यातला एक पुंजका उचलतो, कठड्यापलीकडे टाकतो आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहतो. पंच पक हातात घेतात.