"ऑईल जाड घालू का, उस्ताद?"

(कुर्ल्यात पिकअप आणि टेम्पोच्या चालक-मालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, तुमच्यातले काही जण पहाटे दादरला फुलं उतरवून तसेच इथे आलेत. कुणाचा डोळा लागला तर मी राग मानणार नाही, फक्त घोरू नका.

सेकंडहँड पिकअप घेतलेला माणूस गॅरेजात आला की पहिला प्रश्न ठरलेला: "जुनं इंजिन आहे, ऑईल जाड घालू का, उस्ताद?" या प्रश्नाने किती इंजिनं खाल्ली याचा मी हिशेब ठेवलेला नाही. एक मात्र सांगतो. एका भाजीवाल्याने दलालाकडून बोलेरो पिकअप घेतली. इंजिन मांजरासारखं गप्प, धूर नाही. ऑईल बदलायला माझ्याकडे आणली. ऑईल सोडायचा नट काढला तर खाली काकवी पडावी तसं ऑईल उतरलं, सावकाश, तार धरून. मी गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं १५डब्ल्यू-४० भरलं. दुसऱ्या दिवशी गडी बोंबलत हजर: "काका, तुमच्या ऑईलने इंजिन ठोकायला लागलं, निळा धूर मारतंय!" ऑईलने काही केलं नव्हतं. पिस्टनच्या रिंगा आधीच झिजून गेल्या होत्या, दलालाने फक्त जाड ऑईल घालून त्यांचं तोंड दाबून ठेवलं होतं.

म्हणून गाडी घेतानाच इंजिन चालू ठेवून ऑईल भरायचं झाकण उघडा. भकाभका धूर वर आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंगांमधून वायू खाली गळतोय. मग ऑईलचा भाव विचारू नका, हाफ इंजिनच्या, म्हणजे रिंगा-पिस्टन बदलायच्या, कामाचा विचारा.

आता डब्यावरचे आकडे. १५डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. १५डब्ल्यूचं ऑईल उणे २० अंशांच्या थंडीतही इंजिन फिरू देतं. सांताक्रूझला आजवरची सगळ्यात कडक थंडी पडली ती जानेवारी १९६२ मध्ये, ७.४ अंश. म्हणजे पुस्तक १५डब्ल्यू सांगत असेल तर थंडीच्या भीतीने ५डब्ल्यूच्या महाग डब्यामागे धावायचं कारण मुंबईत तरी नाही. पुस्तकातच ५डब्ल्यू असेल तर मात्र तेच घाला, तिथे काटकसर नको. मागचा ४० हा १०० अंशांना तापलेल्या ऑईलचा जाडपणा. ५० घातलं की ते आणखी जाड. सकाळी चावी फिरवल्यावर ते वर टर्बोपर्यंत, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्यापर्यंत, पोचायला वेळ लावतं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो आणि तरंगतो ऑईलच्याच पडद्यावर. पडदा उशिरा आला तर काय होणार, ते सांगायला मी कशाला हवा?

डब्यावर आणखी एक गोष्ट असते, ती कुणी वाचत नाही. सीएच-४, सीआय-४, सीके-४ ही अक्षरं. सी म्हणजे डिझेल, एस म्हणजे पेट्रोल. सीआय-४ आलं २००२ मध्ये, सीके-४ २०१६ मध्ये. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जे आहे ते किंवा त्यापुढचं घ्या, मागचं नको. खरा घोटाळा बीएस-६ च्या, म्हणजे धुराच्या नव्या नियमाच्या, गाड्यांचा. १ एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल पिकअपला सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. काजळी तिथे जळून जाते, पण ऑईलमधल्या रसायनांची राख जळत नाही, साचत जाते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचंच ऑईल लागतं. जुन्या बीएस-३ गाड्यांची सवय लागलेला मेकॅनिक सुटं ऑईल ओततो आणि जाळीचा खर्च मालकाच्या गळ्यात पडतो.

आणि या जाळीला मुंबईचं ट्रॅफिक सोसत नाही. काजळी जाळायला गाडी थोडा वेळ सलग पळावी लागते. सायन सर्कलला तुम्ही कुठे पळवणार? जाळणं चालू असताना मध्येच इंजिन बंद केलं की त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल खाली ऑईलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर, ऑईल मोजायच्या पट्टीवर, ऑईल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका. ते पातळ झालंय, बदला.

ट्रॅफिकवरून आठवलं. ऑईल बदलायचं किलोमीटर बघून, हे हायवेवाल्यांचं शास्त्र. वाशीच्या पुलाआधी तासभर इंजिन घुरघुरतं तेव्हा किलोमीटरचा काटा हलत नाही, पण ऑईल शिजत असतं. पुस्तकातला आकडा मोकळ्या रस्त्याचा समजा. शहरात फिरणाऱ्याने त्याआधीच बदलावं.

रंगावर जाऊ नका. डिझेलचं ऑईल दोन दिवसांत काळं होतं, कारण ते काजळी पोटात घेतं. तेच त्याचं काम. सीएनजीवर मात्र उलटं: काजळी नसते, ऑईल सोनेरी दिसतं आणि तरीही संपलेलं असू शकतं. भ्यायचं ते दुधाळ रंगाला. पाणी शिरलंय, इंजिनच्या सांध्यातल्या फाटक्या गॅस्केटमधून नाहीतर पावसाच्या तुंबलेल्या रस्त्यातून. तसं दिसलं तर स्टार्टर मारूच नका, गाडी ओढून आणा.

डबा रिकामा झाला की समोर उभे राहून त्याला भोक पाडून घ्या. साबूत डबे भंगारात जातात आणि नकली ऑईल भरून परत येतात.

(श्रोत्यांतून: "उस्ताद, आधीचा मालक कधी ऑईल बदलायचा ठाऊकच नाही. फ्लशिंग मारू, औषध घालून इंजिन आतून धुऊ?")

नको, दादा. वर्षांचा गाळ एकदम सुटला तर इंजिनच्या तळाशी ऑईल गाळणाऱ्या जाळीत अडकेल आणि ऑईलपंप उपाशी राहील. बरोबर ग्रेडचं ऑईल आणि नवा फिल्टर टाका, दोन हजार किलोमीटर चालवा आणि दोन्ही पुन्हा बदला. ते दुसऱ्यांदा उतरलेलं ऑईल थोडं बाटलीत भरून माझ्याकडे घेऊन या. पांढऱ्या कागदावर ओतून उन्हात बघू, झिजलेल्या धातूचं काही चकाकतंय का ते.