ठिपके गेले, आजार राहिला

[पहाट. टाकीवरचे दिवे बंद. निळसर अंधारात एक पिवळा मासा खडकाला अंग घासतोय.]

दिवे लागायला अजून अर्धा तास आहे. या वेळी टाकी शांत असायला हवी. पण हा यलो टँग बघा. खडकाजवळ येतो, अंग तिरकं करतो, झटक्यात कूस घासतो आणि पुढे जातो. वळून येतो, पुन्हा घासतो. आता टॉर्चच्या उजेडात त्याचे पर बघा. त्या पातळ पडद्यावर कुणी मीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके. मी मोजले. नऊ होते.

खाऱ्या पाण्यातले मासे पाळणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला ही सकाळ कधी ना कधी येते. त्या सकाळी नजर माशावर खिळते. आजार मात्र तोवर टाकीभर झालेला असतो.

[सूक्ष्मदर्शकाखालचं दृश्य. एक गोल, करडा जीव सावकाश फिरतोय.]

माशाच्या कातडीवरचा थोडा बुळबुळीत थर काचपट्टीवर घेतला, की हा दिसतो. क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स. मासे पाळणारे याला मरीन इक म्हणतात. एकपेशीय जीव, अंगभर बारीक केस, आणि त्या केसांच्या हालचालीने जागच्या जागी गिरक्या घेत राहणारा. जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ साली या आजाराचं वर्णन केलं. शास्त्रीय नाव मिळालं १९५१ मध्ये, ब्राउन यांच्याकडून. गोड्या पाण्यातल्या माशांनाही पांढऱ्या ठिपक्यांचा आजार होतो, पण तो जीव वेगळा. तिथे पाणी थोडं गरम करून आणि मीठ घालून जे साधतं, ते इथे साधत नाही.

या गिरक्या नीट बघा, कारण इलाजाचं सगळं कोडं यात आहे. हा जीव कातडीवर बसलेला नाही, कातडीच्या आत शिरलेला आहे. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे त्याच्यावर फुगलेलं माशाचंच कातडं. त्या छपराखाली तो माशाच्या पेशी खात तीन ते सात दिवस राहतो. पाण्यात टाकलेलं औषध तिथवर पोचत नाही. साफसफाई करणारी कोळंबीही त्याला तिथून उपसून काढू शकत नाही.

पोट भरलं की तो माशाला सोडतो, बहुतेकदा अंधारात. काही तास तळाशी सरपटतो, वाळूच्या कणाला किंवा खडकाला चिकटतो आणि स्वतःभोवती टणक कवच करून घेतो. आत तो विभागत जातो. एकाचे दोन, दोनाचे चार, असे होत दोनशेपर्यंत. बऱ्याच कवचांमधून पिल्लं आठवड्याभरात बाहेर पडतात, पण काही कवचं फार उशिरा फुटतात. ७२ दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे.

बाहेर पडलेलं पिल्लू डोळ्यांना दिसत नाही. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरतं, आणि पहिल्या काही तासांनंतरच त्याचा जोर ओसरू लागतो. समुद्रात पाणी अफाट आणि मासे पांगलेले, त्यामुळे बहुतेक पिल्लं वाया जातात. टाकीत मासा हाकेच्या अंतरावर असतो, आणि रात्री रोज त्याच खडकाच्या फटीत झोपायला येतो.

[वहीचं पान. तारखा आणि आकडे.]

ही माझी वही. पाचव्या दिवशी लिहिलंय, "ठिपके नाहीत. खातोय." मला वाटलं, सुटलो. नुसत्या लसणाच्या रसात भिजवलेल्या खाण्यावर मासा बरा झाला, असं मी इतरांनाही सांगितलं. चौदाव्या दिवसाच्या नोंदीत एकट्या टँगवर चाळीसच्या वर ठिपके आहेत, आणि क्लाउनफिशची जोडी पृष्ठभागाशी धापा टाकतेय. मधल्या दिवसांत मासा बरा झालेला नव्हता. आजार फक्त वाळूत उतरला होता. त्या फेरीत टँग गेला. लसणाने मासा खायला लागतो, हे मी आजही मानतो. पण तो या जीवाला मारत नाही.

[रिकामी, वाळू नसलेली काचेची टाकी. पीव्हीसी पाइपचे तुकडे. स्पंज फिल्टर.]

इलाजाची टाकी अशी उघडीबोडकी असते. वाळू नाही, खडक नाही. लपायला पाइपचे तुकडे, एक हीटर आणि आधीपासून चालू टाकीत मुरवून ठेवलेला स्पंज फिल्टर. असा स्पंज नसेल तर दोन दिवसांत अमोनिया चढतो, आणि मग मासा आजाराआधी आपल्या इलाजानेच मरतो.

सर्वांत जुनं आणि खात्रीचं औषध म्हणजे तांबं. ते पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांना मारतं. कॉपर सल्फेट वापरलं तर एका लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबं लागतं. त्याखाली गेलात तर परजीवी तगतो, फार वर गेलात तर मासा दगावतो. बाजारात मिळणाऱ्या बांधीव, म्हणजे कीलेटेड तांब्याचं माप पार वेगळं असतं. तिथे बाटलीवर लिहिलेलं माप पाळायचं आणि त्याच प्रकाराला चालणारा टेस्ट किट वापरायचा. चाचणी रोज करायची. आणि तांब्याच्या पाण्यात अमोनिया बांधणारं औषध ओतायचं नाही. बांधलेलं तांबं एकदम मोकळं होऊन मासा विषाने मरू शकतो.

पोवळं, कोळंबी, गोगलगाय असलेल्या टाकीत तांबं कधीच नाही. ते या जिवांना मारतं. शिवाय खडक आणि वाळू ते शोषून घेतात, त्यामुळे पाण्यातलं माप हाती राहत नाही.

मला मनापासून आवडतो तो दुसरा मार्ग, कारण त्यात औषधच नाही. दोन टाक्या. मासा पहिल्या टाकीत तीन दिवस ठेवायचा आणि ७२ तास पुरे व्हायच्या आत दुसरीत हलवायचा. पहिली पूर्ण रिकामी करून धुवायची, कोरडी ठणठणीत करायची. मग परत तिच्यात. असं चार वेळा. माशावरून गळलेली कवचं तीन दिवसांच्या आत सहसा फुटत नाहीत, म्हणून प्रत्येक हलवणीत ती मागे राहतात. आणि माशाच्या अंगावर आठवड्याहून जास्त कुणी टिकत नाही, म्हणून बाराव्या दिवशी मासा मोकळा होतो. फक्त ओलं जाळं या टाकीतून त्या टाकीत जाता कामा नये. पाण्याच्या एका थेंबानेही सगळी मेहनत वाया जाऊ शकते.

तिसरा मार्ग पाण्याचा खारटपणा उतरवण्याचा. विशिष्ट गुरुत्व १.००९ वर आणून काही आठवडे तिथेच ठेवायचं. मासा हे सोसतो, परजीवी बहुतेक वेळा सोसत नाही. पण खारटपणा मोजणाऱ्या साध्या हायड्रोमीटरचा काटा फसवतो, त्यासाठी जास्त अचूक मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर हवाच. सामू घसरतो, त्यावर नजर लागते. आणि कमी खारट पाण्यातही तगणारे या जीवाचे काही वाण आढळले आहेत. म्हणून हा माझा पहिला पर्याय नाही.

[जवळून: माशाच्या अंगावर सोनेरी धूळ.]

पण थांबा. हे ठिपके मिठाएवढे नाहीत, धुळीसारखे आहेत. मासा उजेड टाळतोय, पंपाच्या प्रवाहात तोंड घालून उभा आहे, कल्ले भराभर हलताहेत. हे मरीन व्हेल्वेट, म्हणजे अमायलोओडिनियम नावाचा वेगळाच एकपेशीय परजीवी. हा आधी कल्ल्यांवर चालून जातो, म्हणून कधी कधी अंगावर काही दिसायच्या आतच मासा मरतो. इथे उद्यावर ढकलायला वेळ नसतो. खारटपणा उतरवूनही याला काही होत नाही. तांबं किंवा क्लोरोक्विन, तेही त्याच दिवशी.

क्लाउनफिशच्या अंगावरून पांढरट थर सालीसारखा सुटत असेल तर संशय ब्रुकलिनेला या आणखी एका एकपेशीय परजीवीचा. तिथे तांबं कामाचं नाही, फॉर्मॅलिनचं स्नान लागतं. हातमोजे घालून, मोकळ्या हवेत, आणि पाण्यात हवेचे बुडबुडे सतत सोडत.

[पांढरी बादली. गोडं पाणी. हातात घड्याळ.]

आणि हे बघाच. बादलीत गोडं पाणी, तापमान आणि सामू टाकीतल्यासारखाच. त्यात हा मासा पाच मिनिटं. पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही. तो आडवा पडतो आणि आपला जीव वर-खाली होतो. मग अंगावरून तिळाएवढे चपटे पांढरे तुकडे गळू लागतात. हे फ्लूक, चपटकृमी. माशावर असताना ते काचेसारखे पारदर्शक होते, म्हणून कुणाच्या लक्षातच आले नव्हते. पुढे प्राझिक्वांटेल हे कृमींवरचं औषध, आणि आठवड्याभराने दुसरा डोस, कारण पहिल्या डोसाने अंडी मरत नाहीत.

[मुख्य टाकी. पोवळी, गोगलगायी. मासा एकही नाही.]

आता पुन्हा इककडे. मासे इलाजाच्या टाकीत असताना ही टाकी अशी ठेवायची. दिवे चालू, पंप चालू, कोळंबीला खाणं चालू. फक्त मासा नाही. वाळूतली कवचं फुटत राहतील आणि पिल्लं उपाशी मरत राहतील. शेवटचं कवच उशिरा फुटलं तरी हिशेबात बसावं म्हणून बहुतेक जण ७६ दिवस धरतात. या दिवसांत धीर सुटतो. टाकी सुंदर दिसते, पण तिच्यात काहीच घडत नाही. चाळिसाव्या दिवशी "एकच छोटा मासा सोडू" असं वाटतं. सोडलात की मोजणी पुन्हा शून्यापासून.

नवा मासा आणल्यावरही तो आधी अशाच वेगळ्या टाकीत राहतो. अंगावर एकही ठिपका नसला तरी कल्ल्यांत दोन-चार परजीवी असू शकतात, आणि आधी आजारातून तरलेला मासा आजार दाखवत नाही, पण बाळगतो.

[दिवस ७६. दिवे मंद.]

क्लाउनफिशची जोडी वाचली. ही तीच. डबा पाण्यावर तरंगतोय, पाणी एकसारखं होतंय. मोठी मादी आधी बाहेर पडते, काचेच्या कडेने एक फेरी मारते, मग थेट त्या जुन्या अ‍ॅनिमोनीकडे, म्हणजे ती जिच्यात राहते त्या फुलासारख्या समुद्री जिवाकडे, जाते. थोडी थबकते. आणि आत शिरते.