पंखा सांगतो, खाली काय लागलं

(दृश्य : मे महिना, शिवसागर जलाशयाच्या काठावरचं बामणोली. पाणी खूप खाली गेलेलं. चिखलात ओढून घेतलेल्या बोटी. एका बोटीचं इंजिन वर उचललेलं, पंख्याचं एक पातं वळलेलं.)

तीन पात्यांचा ॲल्युमिनियमचा पंखा. दोन पाती जेमतेम खरचटलीत, तिसऱ्याचं टोक मागं दुमडलंय. मिस्त्री कडेवरून अंगठा फिरवतात.

"खोड का?"

"खोडच असंल, मिस्त्री. बांध तर पलीकडं राहिला."

हा अंदाज हवेतला नसतो. वाळूत घासलेल्या पंख्याच्या कडा गोल होतात आणि पाती चकाकतात. दगडाला लागला तर दातरे पडतात, आणि बहुधा तिन्ही पात्यांना. इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे घेत असेल, तर गिअरमधून पंख्यापर्यंत साधारण निम्मे पोचतात. म्हणजे सेकंदाला चाळीसेक. एवढ्या वेगात एकच पातं मार खाऊन सुटत नाही. खोडात मात्र पातं रुततं, इंजिन गचका देऊन जागीच बंद पडतं.

(दृश्य : वरून दिसणारा शिवसागर. उघडे पडलेले बांध, चौथरे, बुंधे.)

शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. साठवण सुमारे १०५ टीएमसी. पावसाळ्यात तो भरतो आणि मग पुढच्या पावसापर्यंत रिकामा होत राहतो. बरंचसं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वीजनिर्मितीसाठी जातं, काही पूर्वेला कोयना-कृष्णेच्या पात्रात सुटतं. १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये इथं लेक टॅपिंग झालं, म्हणजे जलाशयाच्या तळाखालून बोगदा नेऊन तळाला भोक पाडलं. दुसऱ्या वेळी हेतू हाच होता, की पातळी आणखी खाली गेली तरी पाणी उचलता यावं.

बोटवाल्याच्या दृष्टीनं याचा अर्थ एवढाच, की गेल्या महिन्याची वाट या महिन्यात चालेलच असं नाही. शिवाय हा तळ साठच्या दशकापर्यंत नांदती गावं होती. शेताचे बांध, घरांची जोती, विहिरींचे कठडे, झाडांचे बुंधे अजून जागच्या जागी आहेत. ऑक्टोबरात त्यांच्यावरून बोट बिनघोर जाते. एप्रिल-मे मध्ये तेच वीतभर पाण्याखाली असतात, आणि गढूळ पाण्यात दिसत नाहीत. जुन्या माणसांना कुणाचं शेत कुठं होतं ते ठाऊक असतं. बोटीवर नव्यानं आलेल्या पोरांना ते पंख्याच्या खर्चानं कळतं.

(दृश्य : बोट थांबलेली. नावाडी बांबूनं तळ चाचपतोय.)

लागलं की थ्रॉटल खाली, इंजिन बंद. इथं घाई नडते. रिव्हर्स टाकून जोरात मागं ओढलं, तर इंजिन थंड करायला जे पाणी आत खेचलं जातं त्याच्याबरोबर चिखलही जातो, आणि पंख्याच्या जोडीला वॉटर पंपाचं रबरी इंपेलर (पाणी खेचणारं चक्र) बाद होतं. इंजिन वर उचलायचं, बांबूनं बोट खोल पाण्यात ढकलायची. आधी बोटीचा तळ बघायचा, कुठं पाणी झिरपतंय का. पंख्याचं नंतर.

पंख्याला हात लावण्यापूर्वी चावी काढलेली, सेफ्टीची दोरी सुटलेली, प्लगच्या वायरी उपसलेल्या. हातानं फिरवताना इंजिननं एक फेरा घेतला, तरी बोटं जाण्यासाठी तो पुरतो.

(दृश्य : पंखा उतरवताना. पक्कड, स्प्लिट पिन, नट, वायसर क्रमानं फडक्यावर.)

पंखा शाफ्टवर थेट आवळलेला नसतो. बहुतेक इंजिनांत मधे रबरी बुश दाबून बसवलेला असतो, लहान इंजिनांत मऊ धातूची शिअर पिन असते. धक्का बसला की बुश घसरतो किंवा पिन तुटते, आणि गिअर वाचतो. काही बहाद्दर वारंवार तुटते म्हणून पिनेच्या जागी खिळा ठोकतात. पुढच्या वेळी खिळा तुटत नाही, गिअरचे दात तुटतात.

घसरलेला बुश बाहेरून ओळखू येत नाही. बोट हळू चालते तोवर सगळं ठीक. वेग वाढवला की इंजिन ओरडतं आणि बोट तिथंच. मिस्त्री आतल्या नळीवर आणि बाहेरच्या अंगावर मार्करनं एक सलग रेघ मारतात. फेरी मारून आल्यावर रेघ तुटलेली दिसली, तर बुश गेला. वासोटा किल्ल्याला माणसं सोडायला निघालेल्या बोटीचं हे भर पाण्यात झालं, तर हळूहळू परत येणं हाच मार्ग.

पंखा निघाला की शाफ्ट बघायचा. शेजारी तार धरून तो हळू फिरवला, की टोक डुलतंय का ते समजतं. मग गिअर ऑईलचे चार थेंब. दुधाळ निघालं तर सील गेलंय, आत पाणी शिरलंय. दर वेळी दोष तळाचाच असतो असंही नाही. मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन पंख्यामागं गुंडाळला जातो आणि गुपचूप सील कापतो.

(दृश्य : वर्कशॉप. कानस, आर्गॉन वेल्डिंग.)

लहान दातरे कानशीनं साफ होतात. दुमडलेलं पातं हातोड्यानं सरळ करणं मात्र खोटी काटकसर. थंड ॲल्युमिनियमला आतून चीर जाते आणि पुढच्या उन्हाळ्यात तुकडाच उडतो. आर्गॉन वेल्डिंग होतं, पण तिन्ही पात्यांचा कोन आणि वजन पुन्हा जुळवायला हवं. नाहीतर बोट थरथरत राहते, आणि त्या थरथरीत बेअरिंग झिजतं. काशाचा पंखा अशी दुरुस्ती जास्त चांगली सोसतो. ॲल्युमिनियमचा एक इंचापेक्षा जास्त तुटला असेल तर नवाच घ्यावा, असं आमच्या मिस्त्रींचं मत, आणि ते पटण्यासारखं आहे.

नवा घेताना जुन्यावर कोरलेले आकडे बघायचे : व्यास आणि पिच (एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढं सरकायला हवा ते अंतर), दोन्ही इंचांत. पिच एका इंचानं वाढलं, तर पूर्ण थ्रॉटलला इंजिनचे फेरे साधारण दीडशे-दोनशेनं उतरतात. इंजिनच्या पुस्तकात दिलेल्या पट्ट्यात फेरे बसले, तर पंखा बरोबर.

(दृश्य : शाफ्टला ग्रीस, नवी स्प्लिट पिन. बोट पाण्यात. मिस्त्री काठावरून हात करतात.)

"आज दोन फेऱ्या मारा, मग ऑईल परत बघू. आन् तेवढी जुन्या खोडावर काठी रोवून या."